दोन पंखांचे टपाल-विमान

जुन्या विमानाचे चित्र दाखविले की विद्यार्थी हटकून विचारतात, "याला एकावर एक पंख कशासाठी?" शिक्षकबंधुभगिनींना या प्रश्नाचे उत्तर देताना अमेरिकेतील 'पिटकेर्न मेलविंग' या विमानाचे उदाहरण उपयोगी पडेल.

पेनसिल्व्हानियातील हॅरॉल्ड पिटकेर्न यांच्या कारखान्यात ते १९२७ साली प्रथम तयार झाले. सर्व प्रकार मिळून अशी विमाने शंभराच्या आसपासच बांधली गेली. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखांची चौकट लाकडी व वरून कापड. एंजिन २२० अश्वशक्तीचे. याच जातीच्या एंजिनाने त्याच वर्षी लिंडबर्गला अटलांटिक महासागर पार करविला.

एकच लांब पंख टोकाशी वर वाकू पाहतो. तो ताठ राखावयाचा तर आतील तुळई जाड व जड करावी लागते. त्याऐवजी दोन आखूड पंखांमध्ये खांब बसवून तिरप्या तारा ताणल्या की पुलाच्या कैचीसारखी बांधणी होते व थोड्या वजनात बळकटी येते. मात्र खांब व तारा वाऱ्याला अडवितात, त्यामुळे वेग घटतो. पुढे धातूचे भक्कम एकेरी पंख आले आणि ही रचना मागे पडली.

परंतु या विमानातील खरी शिकण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. टपालाची कोठी पुढे, पंखांलगत. तीत सुमारे ५०० पौंड टपाल मावे. वैमानिकाची उघडी बैठक तिच्या मागे. टपाल कधी कोठीभर, तर कधी दोनच थैल्या. तरी विमानाचा तोल ढळता कामा नये. म्हणून बदलता भार गुरुत्वमध्याजवळ ठेविला. फूटपट्टी मध्यावर दोऱ्याने टांगून हे वर्गात दाखविता येईल. दोऱ्यापाशी खडू ठेवा वा उचला, पट्टी आडवीच राहते. तोच खडू टोकाला ठेवताच ती कलते. (उपकरणे नाहीत, ही सबब येथे चालणार नाही.)

१ मे १९२८ पासून पिटकेर्न यांच्या कंपनीने न्यूयॉर्क ते अटलांटा टपाल नेण्यास आरंभ केला. प्रवास रात्रीचा असे; कारण दिवसा लिहिलेले पत्र दुसऱ्या सकाळी पोचले, तरच विमानाचा जादा खर्च सार्थकी लागे. वाटेवर सुमारे दहा दहा मैलांच्या अंतराने फिरते दीप असत. धुके दाटले की तेही दिसेनासे होत. थंडीवाऱ्यात बसूनही अनेक वैमानिकांना उघडी बैठकच पसंत असे. डोके बाहेर काढून जमीन शोधता येई, आणि प्रसंग ओढवल्यास हवाई छत्रीसह उडी टाकणे सुकर होई.