समच्या आधी आकलला थांबा

दिवाळीत कापड मार्केट बंद झालं की सुरतच्या पर्वत पाटियातून गाड्या उत्तरेला निघतात. मारवाडी शेजारी आपापल्या गावी जातात, खानदेशी मंडळींना जैसलमेर पाहायचं असतं. अहमदाबाद, सांचोर, बाडमेर असा हा सुमारे 800 किलोमीटरचा रस्ता. सगळ्यांचा जीव जैसलमेरपुढच्या समच्या वाळूत आणि उंटांत अडकलेला, त्यामुळे जैसलमेरच्या अलीकडे 17 किलोमीटरवरचं आकल भरधाव मागे पडतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, तिथे तासभर थांबाच.

आकलच्या उघड्याबोडक्या टेकडीवर झाडांचे ओंडके पडले आहेत. काहींवर पत्र्याचं छप्पर, भोवती लोखंडी जाळी. वाकून पाहिलं तर गाठी दिसतात, तंतूंच्या उभ्या रेघा दिसतात, सगळं हुबेहूब लाकडाचं. पण आहे तो दगड! सर्वांत लांब ओंडका 13 मीटरहून मोठा आहे.

सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, इथे उबदार, दमट हवेचं जंगल होतं. कोसळलेली झाडं गाळाखाली गाडली गेली, हवा न लागल्याने कुजली नाहीत. जमिनीतल्या पाण्यात विरघळलेली सिलिका त्यांच्या पेशीपेशींत साचत गेली. येताना भरूच लागलं होतं ना? त्याच जिल्ह्यातल्या रतनपूरचा अकीक खंभातचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या घासत आले आहेत. अकीकही सिलिकाच, बेसाल्टच्या पोकळ्यांत पाण्यातून साचलेली. आकलला पोकळ्यांच्या जागी लाकडाच्या पेशी होत्या, एवढाच फरक. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे हे जंगल उभं होतं तेव्हा सह्याद्रीचा पत्ताच नव्हता.

पुढे या भूमीवर समुद्र आला. जैसलमेरचा पिवळा चुनखडक त्याच्याच तळाशी साचलेला आहे आणि कुलधराच्या परिसरातल्या खडकांत अमोनाइट या सागरी जीवांचे जीवाश्म सापडतात.

आता वाळूचं म्हणाल तर, जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं मरू राष्ट्रीय उद्यान 3162 चौरस किलोमीटरचं. त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा वाळूच्या टेकड्यांचा. बाकी खडकाळ पठार, खारट खळगे आणि गवत. त्या गवतातच माळढोक तग धरून आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, तोच हा पक्षी.

आकलच्या टेकडीवरून पवनचक्क्या दिसतात. त्यांची वीज नेणाऱ्या तारा माळढोकाच्या जिवावर उठल्या आहेत. उडताना त्याला नाकासमोरचं नीट दिसत नाही, आणि तार दिसली तरी जड अंगामुळे वेळेत वळता येत नाही. 2019 पासून समजवळच्या केंद्रात त्याची अंडी उबवून पिल्लं वाढवली जाताहेत. जाणाऱ्यांनी एवढं करावं, आकलचा खडा उचलू नये आणि रस्ता सोडून गवतात गाडी घालू नये, कारण माळढोक अंडी घालतो ती उघड्या जमिनीवरच.