ध्वनिफितीवरील व्याख्याने कागदावर उतरवताना

आपल्या अनेक मंडळांपाशी जुन्या व्याख्यानांच्या कॅसेट्स कपाटात पडून आहेत. त्यांतील कित्येक वक्ते आज हयात नाहीत आणि फितीही कायम टिकणाऱ्या नाहीत. ती भाषणे कागदावर उतरवणे निकडीचे आहे. पण तासाभराचे भाषण ऐकत, थांबवत, मागे नेत लिहायचे तर चार-सहा तास सहज जातात. आवाज ऐकून मजकूर लिहिणारी संगणक-प्रणाली या कामी कितपत उपयोगी पडते, याची माहिती थोडक्यात देत आहोत.

यंत्राला बोलणे कळावे ही धडपड जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या १९५२ सालच्या 'ऑड्री' यंत्राला केवळ अंक ओळखता येत. १९९७ साली आलेली 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' ही प्रणाली सलग बोललेले इंग्रजी लिहू लागली; पण बोलणाऱ्याने आधी ठरावीक उतारे वाचून तिला आपल्या आवाजाची सवय करून द्यावी लागे. दिवंगत वक्त्याच्या बाबतीत हे कसे व्हावे? ही अडचण पुढे दूर झाली. ओपनएआय कंपनीने २०२२ साली खुली केलेली 'व्हिस्पर' ही प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर तयार झाली आहे. ती कोणाचाही आवाज घेते, मराठीही लिहिते आणि एकदा संगणकात उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते. मात्र त्या तासांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश इंग्रजीचे आहेत. मराठीच्या वाट्याला फारच थोडे आल्यामुळे मराठीत चुका अधिक होतात.

या चुकांचे स्वरूप ओळखून घ्यावे. यंत्र अर्थ समजून लिहीत नाही. ऐकलेला ध्वनी आणि मागचे शब्द यांवरून पुढील शब्दाचा अंदाज बांधते. त्यामुळे नेमका शब्द जाऊन सरावाचा शब्द येऊ शकतो: 'धम्म'चा 'धर्म' होतो, 'संघ'चा 'संग' होतो. गावांची नावे, पाली संज्ञा व बोलीतील शब्द यांनाही हाच धोका असतो. टाळ्यांच्या वा शांततेच्या जागी तर कधी कोणीही न उच्चारलेले वाक्य उमटते. एखादे 'नाही' गळले, तर वक्त्याचे मत नेमके उलटे होते. आणि खुलासा करायला तो आज आपल्यात नसतो.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. कॅसेट स्पीकरवर वाजवून मायक्रोफोनने टिपू नये. टेपरेकॉर्डर वायरने थेट संगणकाला जोडावा. मूळ फीत व तिची संगणकीय प्रत दोन्ही जपाव्यात. भाषणातील विशेषनामांची यादी आधीच करावी. यंत्राने दिलेला मजकूर हा कच्चा खर्डा मानून एकाने फीत ऐकत तो दुरुस्त करावा आणि दुसऱ्याने पुन्हा पडताळावा. बँकेत नोंद करणारा एक व तपासणारा दुसरा असतो, तोच नियम येथेही लावावा. जे ऐकू येत नाही तेथे 'अस्पष्ट' असे लिहावे. अंदाजाने जागा भरू नये.

यंत्रामुळे बोटांचे श्रम वाचतात, कानांचे वाचत नाहीत. प्रत्येक मंडळातील दोन-चार सुशिक्षित तरुणांनी महिन्याला एक कॅसेट जरी हाती घेतली, तरी वर्षाला बारा व्याख्याने पुढील पिढीच्या हाती पडतील. या कामास विलंब लावू नये, ही नम्र विनंती.