पारा 34 अंशांवर, तरी कामगार का कोसळतो?

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात 1942 ते 1946 या काळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कामाच्या तासांचा प्रश्न हाती घेतला. 1946 च्या दुरुस्ती कायद्याने कारखान्यातील आठवड्याचे तास 54 वरून 48 झाले. आज तासांइतकाच उष्णतेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. चिरेखाण, वीटभट्टी, रस्त्याचे डांबरीकरण अशा कामांवर आपलीच माणसे मोठ्या संख्येने राबतात.

हवामान खाते किनारपट्टीवर पारा किमान 37 अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला, तरच उष्णतेची लाट मानते. म्हणजे 34 अंशांचा दिवस कागदावर सुरक्षित! पण हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या सोहळ्यात भर उन्हात बसलेल्या 14 जणांचा बळी गेला, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता.

म्हणून ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ (डब्ल्यूबीजीटी) हा निर्देशांक वापरतात. 1950 च्या दशकात अमेरिकी सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी तो तयार झाला. त्यासाठी तीन तापमापी लागतात: एक साधा, दुसरा ओल्या सुती वातीचा आणि तिसरा काळ्या रंगाच्या तांब्याच्या पोकळ गोळ्यात बसवलेला. पहिला हवा, दुसरा घाम वाळण्याची क्षमता, तर तिसरा ऊन व भट्टीची धग सांगतो. उन्हातले सूत्र असे: ओल्याचे 70 टक्के, गोळ्याचे 20 टक्के, साध्याचे 10 टक्के.

समजा, कोकणात साधा 34, ओला 27, गोळा 46. निर्देशांक येतो 31.5. विदर्भात साधा 42, ओला 22, गोळा 55 असेल, तर येतो 30.6. पारा आठ अंशांनी कमी असूनही कोकणातला ताण जास्त!

आयएसओ 7243 या मानकानुसार, उन्हाची सवय असलेल्या कामगारासाठी हलक्या कामाला 30, मध्यम कामाला 28 आणि जड कामाला 26 ही मर्यादा आहे. चिरे उचलणे हे जडच काम. नव्या माणसासाठी मर्यादा याहूनही कमी.

यंत्र कामाच्या जागीच ठेवावे, कचेरीच्या सावलीत नव्हे. उभ्याने काम असेल तर साधारण कमरेच्या उंचीवर. वात ओली असावी आणि गोळा स्थिरावण्यासाठी अर्धा तास द्यावा. दुपारी 12 ते 4 दर तासाला नोंद वहीत लिहावी.

तरुण कार्यकर्त्यांना आमचे आवाहन आहे: प्रत्येक तालुक्यात वर्गणीतून एक यंत्र घ्या. आकडे हाती असतील, तर पाणी, सावली, विश्रांती आणि सकाळच्या पाळीची मागणी ठेकेदाराला व तहसीलदारांना सहज टाळता येणार नाही. जयंतीच्या मिरवणुकीची वेळ ठरवतानाही हेच यंत्र कामी येईल.

जयभीम!