कल्हई अणुभट्टीची



अणुभट्टीविषयी बोलण्याचा अधिकार विद्वानांचा. आम्ही पडलो कामगारांत वावरणारे, रात्रीच्या दिव्याखाली शिकलेले. परंतु ताक कळकू नये म्हणून पितळेच्या भांड्याला कल्हई लावतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला आजचा विषय निम्मा समजलाच आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी, लोखंडावर जस्त चढवणाऱ्या एका कारखान्यात आमचे कामगार 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्ताच्या कढईपाशी राबत. ते जस्त पोलादी कढईलाच हळूहळू खाते. कढईची जाडी मोजा, असे आम्ही वारंवार सांगितले. कोणी मोजली नाही, आणि एका रात्री तिला भोक पडले. माणसे वाचली ती केवळ जेवणाची सुट्टी होती म्हणून. वितळलेला धातू पोलाद कसे खातो, हे आम्ही तेव्हापासून वाचू लागलो.

हे गंजणे नव्हे. पाण्यात खडीसाखर विरघळावी, तसे हे विरघळणे होय. काही अणुभट्ट्यांत उष्णता वाहून नेण्यासाठी पाण्याऐवजी वितळलेले शिसे, अथवा शिसे व बिस्मथ यांचे मिश्रण खेळवतात. सोडियम हवापाण्याशी पेट घेते, तसे शिसे घेत नाही, आणि ते उकळते 1749 अंशांना. हा त्याचा मोठा गुण. अवगुण असा, की पोलादातील निकेल ते प्रथम ओढून घेते. क्रोमियम आणि लोखंडही सुटत नाही. उष्ण भागात विरघळलेला धातू थंड भागात साचतो. म्हणजे नळी एकीकडे झिजते आणि दुसरीकडे तुंबते.

पहिला उपाय, शिशात अत्यल्प प्राणवायू राखणे. त्याने पोलादावर ऑक्साइडची पातळ साय धरते. प्राणवायू कमी पडला तर साय विरते. अधिक झाला तर शिशाचाच मळ साचतो. सोव्हिएत पाणबुडी के-27 हिच्या अणुभट्टीत 24 मे 1968 रोजी असाच मळ गाभ्यात अडकून प्रवाह खुंटला. किरणोत्सर्गाने नऊ खलाशी दगावले.

दुसरा उपाय, लेपाचा. नुसता अॅल्युमिनाचा थर दिला, तर तापल्यावर पोलाद त्याहून अधिक फुगते आणि थर तडकण्याचे भय राहते. म्हणून जर्मनीत कार्लस्रूहे येथील संशोधकांनी लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियम यांचा लेप इलेक्ट्रॉनांच्या झोताने क्षणमात्र वितळवून पोलादाशी एकजीव करण्याची रीत काढली. यातील अॅल्युमिनियम शिशातला प्राणवायू घेऊन स्वतःच अॅल्युमिनाची साय धरते. ओरखडा पडला, तर खालचे अॅल्युमिनियम ती पुन्हा भरून काढते.

रशियात सेवेर्स्क येथे शिशाने थंड होणाऱ्या अणुभट्टीचे बांधकाम 2021 मध्ये सुरू झाले. विद्या पुढे जात आहे, याचा आम्हांस आनंद आहे. मागणे एवढेच, की कल्हई कितीही उत्तम असली, तरी ती वेळोवेळी तपासावी, आणि त्या तपासणीची नोंदवही भट्टीपाशी उभे राहणाऱ्याला उघडून वाचता यावी.