आधी वेळापत्रक, मग बोगदे

झ्युरिकच्या मुख्य स्थानकात तास भरत आला की चारी दिशांनी गाड्या आत येऊ लागतात. बर्नची येते, बाझलची येते, पूर्वेकडून चूरची येते. काही मिनिटं जिने आणि भुयारी वाटा माणसांनी भरून जातात, जो तो आपल्या पुढच्या गाडीचा फलाट गाठतो. तास उलटून थोडा वेळ झाला की त्याच गाड्या एकामागोमाग बाहेर पडतात. अर्ध्या तासानं पुन्हा तेच. त्याच सुमाराला बर्न आणि बाझलच्या स्थानकांतही हेच चाललेलं असतं, कारण या सगळ्या भेटी एकमेकींशी बांधलेल्या आहेत.

स्वित्झर्लंडला आपण आल्प्स पाहायला जातो आणि ते योग्यच आहे. पण डोंगर त्या देशाला आयते मिळाले. त्यानं स्वतः घडवलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे वेळापत्रक, असं माझं ठाम मत आहे. रेल्वेनं हा देश पाहायचा असेल तर कुठलं शिखर कुठल्या दिवशी, हे ठरवण्याआधी वेळापत्रकाची रीत समजून घ्यावी. सहलीची निम्मी आखणी तिथंच होऊन जाते.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. स्विस संघीय रेल्वेतल्या काही तरुण अभियंत्यांनी एक गट जमवला होता. स्वतःला ते गंमतीनं ‘स्पिनर क्लब’ म्हणवून घेत. सॅम्युएल श्टेली हे त्यांतलं प्रमुख नाव. त्यांचं म्हणणं सरळ होतं: गाड्या गर्दी पाहून अधूनमधून सोडण्याऐवजी प्रत्येक मार्गावर दर तासाला, त्याच मिनिटाला सोडा, आणि मोठ्या स्थानकांत त्या एकाच वेळी एकत्र आणा. म्हणजे प्रवाशाला वेळा पाठ कराव्या लागणार नाहीत आणि गाडी बदलताना ताटकळावं लागणार नाही. २३ मे १९८२ रोजी ही पद्धत देशभर लागू झाली.

पुढचं पाऊल मला याहून विलक्षण वाटतं. दोन मोठ्या स्थानकांतल्या भेटी साधायच्या तर मधला प्रवास तासाहून जरा कमी वेळात व्हायला हवा. बासष्ट मिनिटं लागली तर पुढच्या सगळ्या गाड्या हुकतात. पंचेचाळीस मिनिटांत पोचलात तर उरलेली पंधरा मिनिटं फलाटावर जातात, म्हणजे त्या वेगावर केलेला खर्च वाया. झ्युरिक ते बर्न पूर्वी तासाहून जास्त वेळ लागायचा. म्हणून आधी ठरलं की तो ५६ मिनिटांवर आणायचा, आणि तेवढ्यासाठी किती नवा रूळ लागेल याचा हिशेब नंतर झाला. १९८७ मध्ये ‘बान २०००’ नावाची ही योजना सार्वमतासाठी जनतेपुढे गेली आणि लोकांनी ती मंजूर केली. मॅटस्टेटन ते रोथरिस्ट हा ताशी २०० किलोमीटर वेगाचा नवा मार्ग बांधला गेला. डिसेंबर २००४ मधल्या एका रात्रीत देशातल्या बहुतेक गाड्यांच्या वेळा बदलल्या. शक्य तितकं वेगानं नव्हे, गरजेपुरतं वेगानं, हे योजनेचं सूत्र होतं. जगात अनेक ठिकाणी रेल्वेमार्ग आधी बांधतात आणि मग त्यावर गाड्या बसवतात. इथं कागदावर वेळ आधी लिहिली गेली आणि डोंगर नंतर फोडले गेले.

प्रवाशासाठी याचा अर्थ काय? पहिला अर्थ हा की रोज हॉटेल बदलण्याचं कारण उरत नाही. एखाद्या जोडस्थानकाजवळ तीनचार रात्री मुक्काम करावा. मध्य भागासाठी लुझर्न किंवा बर्न, उंच डोंगरांसाठी इंटरलाकेन, पूर्वेसाठी चूर. सकाळी हलक्या पिशवीनं निघावं आणि संध्याकाळी परतावं. दुसरा अर्थ मनाला पटायला वेळ लागतो: गाडी बदलायला पाच मिनिटं दाखवली असतील तर पाच मिनिटं पुरतात. अर्धा तास आधी फलाटावर जाऊन बसायची आपली सवय मुंबई-पुण्याच्या अनुभवातून आलेली आहे, तिथं ती लागत नाही. गाडी हुकलीच तर पुढची बहुधा अर्ध्या किंवा एका तासानं असते आणि साध्या तिकिटावर त्याच मार्गानं पुढचीत बसता येतं. एका प्रवासात चार वेळा गाडी बदलावी लागते म्हणून तो प्रवास टाळू नये. याच साखळीत पिवळ्या पोस्टबसही येतात आणि सरोवरांवरच्या बोटीही. खोऱ्यातल्या शेवटच्या गावाची बस गाडीची वाट पाहत उभी असते.

फलाटावर ए, बी, सी, डी असे भाग आखलेले असतात आणि आपला डबा कुठल्या भागात येणार ते फलकावर दिसतं. डोंगरी मार्गांवर काही गाड्यांचे डबे वाटेत दोन दिशांना जातात, तेव्हा डब्यावरचं गावाचं नाव वाचूनच चढावं. जेवणाचा डबा उघडून गाडीत जेवायला कसलीही अडचण नाही, तिथले लोकही जेवतात. रविवारी गावातली दुकानं बंद असतात, मोठ्या स्थानकांतली मात्र उघडी असतात.

तिकिटाचा हिशेब थोडा बसून करावा लागतो. परदेशी प्रवाशांसाठी ‘स्विस ट्रॅव्हल पास’ तीन, चार, सहा, आठ आणि पंधरा दिवसांचा मिळतो. त्यात रेल्वे, बस, बोटी, शहरांतल्या ट्राम आणि शेकडो संग्रहालयं येतात. रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस हे डोंगरही येतात. बाकीच्या बहुतेक डोंगरी रेल्वे आणि केबल कारवर निम्मी सवलत असते, युंगफ्राउयोखवर मात्र पाव. दुसरा पर्याय ‘हाफ फेअर कार्ड’चा, त्यावर जवळपास सगळं निम्म्या दरात. रोज लांब फिरणार असाल तर पास घ्यावा. एकाच खोऱ्यात राहून दोनतीन महागडी शिखरं करणार असाल तर बहुधा कार्ड स्वस्त पडतं. सोबत आईवडील असले की सोळा वर्षांखालच्या मुलांना फॅमिली कार्डवर तिकीट पडत नाही. ते कार्ड मोफत मिळतं, पण आठवणीनं मागून घ्यावं लागतं.

शिखरांबद्दल एक आग्रहाचं सांगणं आहे: त्यांना तारीख देऊ नका. युंगफ्राउयोखचं ३४५४ मीटरवरचं स्थानक म्हणजे माणसाच्या जिद्दीचा नमुना. अडॉल्फ गुयर-झेलर या उद्योगपतीनं आयगर आणि म्योंखच्या पोटातून रेल्वे नेण्याचं काम १८९६ मध्ये सुरू केलं. तो १८९९ मध्ये वारला आणि वर गाडी पोचायला १९१२ उजाडलं. पण ढग असतील तर वर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही आणि पैसे पुरते जातात. सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र पाहावं, आकाश उघडं असेल तर निघावं, नसेल तर त्या दिवशी सरोवरात बोटीनं फिरावं. दर अर्ध्या तासाला गाडी असलेल्या देशात बेत सकाळी ठरवता येतो. गटाबरोबर बसनं फिरणाऱ्याला ही मोकळीक कधीच मिळत नाही.

‘ग्लेशियर एक्स्प्रेस’चं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. झरमाट ते सांक्ट मोरित्झ, २९१ किलोमीटर, सुमारे आठ तास, मध्ये २०३३ मीटरवरची ओबरआल्प खिंड. १९३० मध्ये ती सुरू झाली तेव्हा फक्त उन्हाळ्यात धावायची. फुर्का खिंडीत हिमकडे कोसळत, म्हणून तिथला श्टेफेनबाखचा पूल हिवाळ्याआधी घडी करून ठेवत. १९८२ मध्ये खालून बोगदा झाल्यावर ती हिवाळ्यातही धावू लागली. वरचा सोडून दिलेला मार्ग स्वयंसेवकांनी पुन्हा उभा केला. इथली १९४७ मध्ये व्हिएतनामला विकलेली वाफेची इंजिनं त्यांनी १९९० मध्ये परत आणली आणि आता उन्हाळ्यात ती त्याच चढावर धावतात. मला विचाराल तर एका जागी आठ तास बसण्यापेक्षा हा प्रवास तोडून साध्या गाड्यांनी करावा. रूळ तेच, पास चालतो, आरक्षण लागत नाही आणि आंडरमाटला उतरून चहा घेता येतो.

एकच मार्ग निवडायचा तर मी डोळे मिटून ऱ्हेशियन रेल्वेचा चूर ते तिरानो निवडेन. मीटर गेजची ही रेल्वे ग्राउब्युंडन प्रांताची. तिचे आल्बुला आणि बर्निना हे दोन्ही मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. फिलिसूरच्या अलीकडे लांडवासरचा पूल येतो. ६५ मीटर उंच, सहा कमानींचा, वळणदार आणि थेट उभ्या कड्यातल्या बोगद्यात शिरणारा. १९०२ मध्ये तो पुरा झाला, तोही खालून परांची न बांधता. पुढे बेर्ग्युन आणि प्रेदा ही दोन गावं सरळ रेषेत सहा किलोमीटरही दूर नाहीत, पण मधला चढ चारशे मीटरच्या वर. एवढा चढ साध्या रुळांना झेपावा म्हणून अभियंत्यांनी मार्ग बारा किलोमीटर लांबवला आणि डोंगराच्या आत-बाहेर वेटोळी घातली. खिडकीत बसलेल्याची दिशा हरवते. मघाशी डावीकडे असलेलं चर्चचं टोक आता उजवीकडे, आणि खूप खाली दिसतं.

बर्निना मार्ग याहून धाडसी आहे. १९१० मध्ये पुरा झालेला हा मार्ग २२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बर्निनापर्यंत रुळांमधल्या दातेरी पट्टीशिवाय चढतो, तोही दर हजार मीटरला सत्तर मीटर अशा चढानं. वर दोन तळी जवळजवळ आहेत. एकाचं पाणी इन आणि डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला जातं, दुसऱ्याचं पो नदीतून एड्रियाटिकला. आल्प ग्र्युमनंतर गाडी दरीत उतरू लागते, बर्फ मागे राहतं, चेस्टनटची झाडं लागतात. ब्रुझिओला उतार फार तीव्र होऊ नये म्हणून नऊ कमानींचा गोल पूल उघड्या मैदानात बांधलाय, गाडी स्वतःच्याच वाटेखालून जाते. तिरानोच्या चौकात ती चर्चसमोरच्या रस्त्यावरून मोटारींच्या बाजूनं शेवटच्या, ४२९ मीटरवरच्या स्थानकात शिरते. सकाळी जर्मन ऐकत निघालेला माणूस वाटेत रोमान्श पाट्या वाचतो आणि दुपारचं जेवण इटलीत करतो. शेंगेन व्हिसा एकच असल्यानं सीमेची अडचण नाही, पास तिरानोपर्यंत चालतो.

इथं ‘बर्निना एक्स्प्रेस’च्या काचेच्या डब्यांसाठी आरक्षण सक्तीचं आहे आणि हंगामात ते लवकर संपतं. संपलं तर हळहळू नका. त्याच रुळांवर साध्या गाड्या धावतात, गाडी सांक्ट मोरित्झ किंवा पोन्त्रेसिनाला बदलायची एवढंच. त्यांतल्या पुष्कळ डब्यांच्या खिडक्या खाली सरकतात. काचेवरची चकाकी मध्ये न येता फोटो काढता येतो आणि हिमनदीवरून येणारा गार वारा तोंडावर घेता येतो.

शेवटी गोटहार्डचा रेल्वेमार्ग, कारण तो आपल्या घाटाशी नातं सांगतो. बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे हजाराला २७. गोटहार्डच्या जुन्या मार्गाचा कमाल चढही तेवढाच. आपल्याकडे खंडाळ्याला गाडीची दिशा उलटवून चढ साधला होता, तिथं डोंगरात वेटोळे बोगदे खणले. कर्जतला मागून बँकर जोडलेली पाहत मोठ्या झालेल्यांना एक गोष्ट ठाऊक असावी: गोटहार्ड चढणारी लांब नाकाची ‘क्रॉकोडाइल’ विद्युत इंजिनं बांधणाऱ्या विंटरथुरच्या कारखान्यानंच १९२८ मध्ये जीआयपी रेल्वेसाठी घाटातली इंजिनं रचली आणि पहिली दहा बांधलीही. आपले रेल्वेवाले त्यांना खेकडा म्हणत. बोर आणि थळ घाटांत त्यांनी कित्येक दशकं ओझी ओढली.

पंधरा किलोमीटरचा जुना गोटहार्ड बोगदा १८८२ मध्ये खुला झाला. त्याचा कंत्राटदार लुई फाव्र १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून मेला. पुढच्या वर्षी दोन्ही बाजू जोडणारं पहिलं भोक पडलं, तेव्हा त्यातून सगळ्यात आधी त्याचं चित्र पलीकडे गेलं. सुमारे दोनशे कामगारांचा तिथं जीव गेला. २०१६ मध्ये डोंगराच्या पायथ्यातून ५७ किलोमीटरचा नवा बोगदा झाला आणि वेगाच्या गाड्या तिकडे वळल्या. जुना मार्ग मोडीत काढला नाही, हे त्या देशाचं शहाणपण. ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या बोगद्यात मालगाडी घसरली आणि तो पूर्ववत व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. तोवर बहुतेक प्रवासी गाड्या पुन्हा जुन्या घाटातून गेल्या, तासभर जास्त घेऊन.

म्हणून इटालियन भाषिक तिचिनोला जाताना नव्या बोगद्यानं जावं, वीसेक मिनिटांच्या अंधारात बसून ५७ किलोमीटरचा आवाका अनुभवावा. येताना बेलिन्झोनाला ‘त्रेनो गोत्तार्दो’ पकडावी. ती जुन्या मार्गानं येते. वाटेतलं ग्योशेनेन स्थानक सोडल्यावर वासेनचं पांढरं चर्च तीनदा दिसतं: आधी खाली, मग समोर, मग डोक्यावर. पुढे आर्थ-गोल्डाउला लुझर्नची गाडी बदलता येते. दिवस शिल्लक असेल तर तिथूनच रिगीची दातेरी गाडी वर जाते, तिच्यावर पास चालतो.