एक शहर, दोन विद्यापीठे

बारावीचा निकाल लागला की आगरदांड्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. मुलीला शिकायला मुंबईस धाडायची, तर 'मुंबई युनिव्हर्सिटी' बरी की 'एसएनडीटी'? उत्तर बहुधा नावाच्या वजनावर दिले जाते. एके काळी मात्र या निवडीची किंमत फार निराळी होती.

मुंबई विद्यापीठ १८५७चे. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले, म्हणजे शिकवायचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, तीही इंग्रजीतून. याच विद्यापीठाचे पदवीधर धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढले. (कर्वे मुरूडचे म्हटले की आमच्याकडे ऊर भरून येतो, पण ते मुरूड दापोलीकडचे, जंजिऱ्याशेजारचे नव्हे.) तोवर स्त्रियांना पदवीचे दार बंद होते असे नाही, कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्याच होत्या. कर्व्यांचा मुद्दा भाषेचा होता. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी हा एक सक्तीचा विषय, अशी त्यांची मांडणी. अभ्यासक्रमात त्यांनी गृहव्यवस्थेलाही जागा दिली. स्त्रीचे आयुष्य घराभोवतीच फिरणार, हे त्यामागचे गृहीतक मला पटत नाही. भाषेचा आग्रह मात्र काळाच्या पुढचा वाटतो.

ही काही मुंबई विद्यापीठाशी मांडलेली भांडाभांड नव्हती. तिथले माजी कुलगुरू रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेच नव्या विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले. पदवीलाही बी. ए. न म्हणता 'गृहीतागमा' असे संस्कृत नाव मिळाले. पुढे विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या स्मरणार्थ पंधरा लाखांची देणगी दिली आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव विद्यापीठाला लागले.

अडचण एकच, पण मोठी होती. या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. ती कायद्याने मिळाली १९५१मध्ये. विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईत आले १९३६ला. म्हणजे पंधरा वर्षे एकाच शहरात मुलीपुढे दोन वाटा होत्या: इंग्रजीतून शिकून सरकारमान्य पदवी घ्यायची, किंवा आपल्या भाषेत शिकून अशी पदवी घ्यायची जी सरकारमान्यतेची अट असलेल्या नोकरीत चालणार नाही. ज्या घरात मुलीच्या पगाराची गरज होती, तिथे दुसरी वाट परवडणार कशी? मातृभाषेतून शिकणे ही त्यामुळे बरेचदा पोटाची चिंता नसलेल्यांची चैन ठरली असावी, असा माझा तर्क आहे.

आज दोन्ही पदव्या सारख्याच मान्य. तेव्हा तुलना विद्यापीठांच्या नावांत करून फारसे हाती लागत नाही. रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्याच कक्षेत येतो. अलिबागच्या संलग्न महाविद्यालयात शिकले तरी पदवी त्याच विद्यापीठाची. केवळ त्या नावासाठी मुंबई गाठायची गरज नाही. एसएनडीटी स्त्रियांसाठीच आहे आणि शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न तिथे पहिल्या दिवसापासूनचा आहे. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलीने हवा तो विषय मराठीतून घेता येईल का, एवढे तरी विचारावे. मग ज्या महाविद्यालयात बसायचे तिथला तो विभाग, शिकवणारी माणसे, वसतिगृहातली जागा आणि महिन्याचा खर्च पाहावा. राजाबाई टॉवरपासून चर्चगेटच्या एसएनडीटीपर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटे लागतात. एका फेरीत दोन्हीकडे चौकशी होते.