कोणतं सेटिंग ठेवायचं?

उबुंटू वापरणाऱ्याला पडद्याच्या डाव्या कडेची आयकॉनांची उभी पट्टी ओळखीची असते. ‘डॅश टू डॉक’ या लोकप्रिय एक्स्टेन्शनवर बेतलेली ही पट्टी 2017च्या 17.10 आवृत्तीपासून उबुंटूसोबतच येते. पडद्यावरच्या पट्ट्या, मेनू, खिडक्या हा सगळा कारभार उबुंटूच्या ‘ग्नोम’ या डेस्कटॉपचं ‘ग्नोम शेल’ सांभाळतं आणि हे एक्स्टेन्शन त्यालाच जोडलेलं असतं.

मूळ एक्स्टेन्शनची सेटिंग्ज उघडली की टॅबमागून टॅब. पट्टी कुठे, लपावी का, लपायला किती उशीर, कर्सर कडेला किती रेटल्यावर ती बाहेर यावी, चालू अ‍ॅपखालचे ठिपके कसे दिसावेत... उबुंटूने समोर ठेवलं ते मुख्यतः एवढंच: आपोआप लपणं, पट्टीची लांबी, आयकॉनचा आकार, मॉनिटर आणि बाजू.

ही छाटणी मला पटते. नजर अधू असेल तर आयकॉन मोठे लागतात, टेबलावर दोन मॉनिटर असतील तर पट्टी कुठे हवी ते सांगावंच लागतं. या गोष्टी बनवणाऱ्याला घरबसल्या कळणं शक्य नाही. लपण्याचा उशीर 0.2 सेकंद असावा की 0.3, हे मात्र त्यानेच वापरून ठरवायला हवं. ते ठरत नाही म्हणून सेटिंग देणं म्हणजे आपलं काम दुसऱ्यावर ढकलणं.

शिवाय सेटिंग फुकट येत नाही, हे ग्नोमचे एक विकासक हॅवॉक पेनिंग्टन यांनी ग्नोम 2च्या काळातच बजावलं होतं. चालू-बंद अशी दहा सेटिंग्ज म्हणजे 1,024 शक्यता. वीस झाली की दहा लाखांच्या वर. त्या सगळ्या तपासणार कोण? एक्स्टेन्शनचा कोड शेलच्या आतच चालतो. त्यातल्या चुकीने वेलँड या आताच्या डिस्प्ले-व्यवस्थेवर शेल कोसळलं तर उघडी अ‍ॅप्सही जातात. त्यात ग्नोम दर सहा महिन्यांनी बदलतं. 2023मध्ये ग्नोम 45 आलं तेव्हा जुनी एक्स्टेन्शनं जशीच्या तशी चालेनात, प्रत्येकाचा कोड बदलावा लागला. असं एक्स्टेन्शन बहुधा एखाददुसरा माणूस फावल्या वेळात सांभाळतो.

तरी एका जागी कात्री जास्त चालली. आयकॉनवर पुन्हा क्लिक केलं की खिडकी मिनिमाइझ व्हावी, ही विंडोजवरून आलेल्यांची वर्षानुवर्षांची सवय. ती सोय कोडमध्ये आहे, पण त्यासाठी टर्मिनलमध्ये आज्ञा लिहावी लागते. हाताला बसलेली सवय म्हणजे हौस नव्हे. हे सेटिंग समोर हवं होतं.

आधी दिलेलं सेटिंग काढणं याहून नाजूक. माणसाने निवडलेली किंमत डीकॉन्फ या ग्नोमच्या सेटिंग-साठ्यामध्ये तशीच पडून राहते, फक्त ती वाचणारं कोणी उरत नाही. अपडेटनंतर पट्टी भलतीकडेच दिसते आणि कारण कळत नाही. म्हणून आधी सेटिंग खिडकीतून काढावं, कोडमध्ये काही आवृत्त्या राहू द्यावं. मूळ किंमत बदलतानाही हीच काळजी हवी: डीकॉन्फमध्ये फक्त बदललेल्या किमती साठवल्या जातात, त्यामुळे ज्यांनी सेटिंग्ज कधी उघडलीच नाहीत, त्या सगळ्यांची पट्टी एका अपडेटसरशी बदलते.